आमच्या मांजराचा उपास

आमच्या आत्याला खोटं बोललेलं अजिबात खपायचं नाही. वसईतल्या आमच्या नंदाखाल गावची पोरं तर तिच्यासमोर थाप मारायची झाली, की आधी दोन पावलं मागं सरकून मग तोंड उघडायची. ती माझ्या पप्पांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, धाकट्या भावाला वाढवलं, आणि दर रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या आवारात मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायची. अख्खा गाव तिला टीचर म्हणायचा. घरात आम्ही चौघं होतो, आत्या, आई, पप्पा आणि मी, पण मत एकटीलाच होतं. पप्पा मुंबईच्या कचेरीत साहेबाशी वाद घालून यायचे म्हणे, पण घरी आले की आत्याला विचारल्याशिवाय खिडकी लावायचे नाहीत.

सत्तरचं दशक सरत आलं होतं, मी पाचवीत होते. त्या वर्षी गोठ्यातल्या गवतात एका मांजरीनं पिल्लं घातली आणि त्यातलं एक मागं ठेवून बाकीची घेऊन ती कुठंतरी निघून गेली. मागं राहिलेलं माझं. नारिंगी रंग, पांढरे पाय, आणि अंगात मस्ती इतकी की केळीच्या सुटलेल्या सोपटाशी ते तासभर कुस्ती खेळायचं आणि हरायचं. मी त्याच्यावर जीव टाकला होता. शाळेतून येताना मी धावत यायचे, आणि ते विहिरीच्या काठावरून उडी मारून माझ्या दप्तरावर बसायचं.

मग आला उपासकाळ. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. गावात कुणी मटण सोडायचं, कुणी दारू सोडायचं, आणि काहीजण नुसताच चेहरा पाडून फिरायचे. आमच्याकडे आत्याचा कायदा कडक होता. उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी मासळीचा तवा, मासळीचं पातेलं आणि मासळीची विळी घासूनपुसून माळ्यावर जायची, ती ईस्टरलाच खाली उतरायची. चाळीस दिवस आमच्या चुलीला मासळीचा वाससुद्धा लागता कामा नये. वसईत राहून चाळीस दिवस मासळी नाही म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही.

त्या मंगळवारी तवा माळ्यावर चढला आणि आई हळूच म्हणाली, "ताई, पण मांजराचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?" आत्या म्हणाली. "जो या घरात राहतो तो घरचा. तोही उपास करेल. पेज देऊ, वर चमचाभर दूध घालू."

दुसऱ्या दिवशी आत्यानं मांजराच्या वाडग्यात पेज ओतली. संध्याकाळी वाडगा रिकामा. तिसऱ्या दिवशीही रिकामा. आत्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्या रविवारी वर्गात तिनं चाळीस पोरांसमोर मला उभं केलं आणि म्हणाली, "हिच्या घरी एक एवढंसं मांजर आहे. ते उपास पाळतंय. आणि तुम्हांला एक शुक्रवार धड निघत नाही!" दुपारपर्यंत आमच्या अंगणात पोरांची रांग लागली होती. मांजर ओट्यावर पसरून अंग चाटत होतं आणि पोरं हात जोडल्यासारखी उभी होती. मग मोठी माणसंही येऊ लागली. आगाशीहून कुणाची तरी सासू खास बघायला येऊन गेली.

यातली गोम मला एकटीला ठाऊक होती. म्हणजे निदान मला तसं वाटत होतं.

अर्नाळ्याहून एक म्हावरंवाली, म्हणजे मासळी विकणारी, रोज सकाळी डोक्यावर टोपली घेऊन आमच्या गल्लीतून जायची. उपासकाळात ती आमच्या दारात थांबायची नाही. पण टोपली झाकायला तिला केळीचं पान लागायचं. मी शाळेत जाताना वाडीतलं एक कोवळं पान कापून कोपऱ्यावर उभी राहायचे, आणि ती माझ्या हातावर मूठभर मांदेली नाहीतर दोन-तीन तारल्या ठेवायची. विहिरीमागं मी त्या पिल्लाला घालायचे. कच्च्याच. दुसरं काय करणार? शिजवायच्या कुठं? तवा माळ्यावर, आणि चुलीजवळ आत्या. मांजर मिटक्या मारत खायचं, मी त्याचं तोंड पाण्यानं पुसायचे आणि मगच शाळेची वाट धरायचे. पेजेचा वाडगाही ते रिकामा करतं, याचं मला नवल वाटायचं. एवढ्याशा पोटात मावतं तरी कसं, म्हणून मी त्याचं पोट दाबून बघायचे.

चौथ्या आठवड्यात ते मान खाली घालून बसायला लागलं.

रोज संध्याकाळी आम्ही चौघं रोझरीला, म्हणजे माळेच्या प्रार्थनेला बसायचो. एके दिवशी मांजर येऊन आमच्या मधोमध बसलं आणि त्यानं मान खाली घातली, हनुवटी थेट छातीला टेकवली. पूर्ण प्रार्थना होईस्तोवर वर केली नाही. आत्याच्या हातातली माळ थांबली. "बघ," ती पप्पांच्या कानाशी म्हणाली, "बघ कसं नमलंय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पप्पांनीही बघितलं, आईनंही बघितलं, आणि मला आठवतंय, दोघंही लगेच दुसरीकडे बघू लागले. मी तर डोळेच मिटून घेतले, कारण या भक्ताच्या पोटात सकाळच्या सहा मांदेल्या होत्या हे मला माहीत होतं.

ही बातमी मात्र उपासापेक्षाही लांब गेली. मांजर मान लववून प्रार्थना करतं! माणसं रोझरीच्या वेळेलाच येऊ लागली. आमच्या ओट्यावर कधी नव्हे ती गर्दी जमली, आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं तर आपल्या दोन नातवांना आणून त्यांच्या माना धरून खाली दाबल्या, मांजराकडून शिका म्हणून.

पण ते दिवसाही मान वर करेना. विहिरीच्या काठावर उडी मारायला गेलं आणि धपकन खाली पडलं. चालताना मागचे पाय एकीकडे आणि पुढचे दुसरीकडे जायला लागले. भर दुपारच्या उन्हात त्याच्या डोळ्यांतली बुबुळं काळीभोर, मोठी, जशी रात्री असतात तशी. हाक मारली की डोकं उचलायचा प्रयत्न करायचं आणि कलंडायचं. मी घाबरले. मी मनात हिशोब मांडला तो असा, की उपास मोडला मी, आणि शिक्षा होतेय त्याला. देवाला खरा गुन्हेगार सापडत नाही असं काही मला वाटत नव्हतं. तो मला मुद्दाम बघायला लावतोय, असं वाटत होतं.

म्हणून मी सल्ला विचारत फिरले. पहिली अर्थातच म्हावरंवाली. तिनं टोपली खाली ठेवली, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगो पोरी, नजर लागलेय त्याला, दुसरं काय नाय. कोन कोन येऊन बघून गेलं ते आठव जरा. मीठ-मिरची ओवाळ, पानी पाज, आनि म्हावरं दे पोटभर. म्हावऱ्यानं उठंल बघ." आणि तिनं त्या दिवशी दोन मुठी दिल्या.

मी मीठ-मिरची ओवाळली. पाणी पाजलं. दोन मुठी म्हावरंही घातलं. दुसऱ्या दिवशी मांजर उभंसुद्धा राहीना.

मग मी दवाखान्यातल्या कंपाउंडरला गाठलं. औषधाची लाल बाटली हलवत त्यानं विचारलं, "खातं काय?"

"पेज," मी म्हटलं.

"नुसती पेज? मग अशक्तपणाच येणार. ताकदीचं काहीतरी द्या."

शेजारच्या म्हाताऱ्याकडे म्हशी होत्या, त्याला जनावरातलं कळायचं. त्यालाही मी पेजच सांगितली. तो काठी टेकत थेट आत्याकडे गेला. "टीचर, रागावू नका. देवानं मांजराला उपास सांगितलेला नाही. त्याला मासळी द्या, नाहीतर जाईल ते." आत्या वाद न घालता आत निघून गेली. हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

सगळे मला एकच विचारत होते, आणि मी सगळ्यांना एकच खोटं सांगत होते. त्यामुळे सगळे पुन्हा पुन्हा मासळीच सांगत होते, आणि मी ती घालत होते. आता लिहिताना हसू येतं. तेव्हा मी गोठ्यात जाऊन रडत होते.

शुक्रवारी क्रूसाची वाट ही उपासकाळातली प्रार्थना करून आम्ही चर्चमधून परतलो, तर ते अंगणात आडवं पडून चारी पाय झाडत होतं. थोड्या वेळानं शांत झालं, पण डोळे उघडेच होते. पप्पा म्हणाले, "उद्या मी कचेरीत जात नाही. माणिकपूरच्या बाजूला गुरांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे नेऊ." आत्या म्हणाली, मी येते. आई म्हणाली, मीही येते. मला कुणी विचारलं नाही, पण फुलांच्या टोपलीत पिल्लाला घालून ती टोपली मी पोटाशी धरली होती आणि ती कुणी माझ्याकडून घेऊ शकलं नसतं. एसटीत कंडक्टरनं टोपलीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "हेच काय ते प्रार्थना करणारं?" आत्यानं खिडकीबाहेर तोंड केलं.

डॉक्टर घाटावरचे होते, मोठ्या मिशांचे, आवाज म्हशींशी बोलून बोलून भारी झालेला. दवाखान्याबाहेर एक बैल आणि तीन शेळ्या आमच्या आधी होत्या. आमचा नंबर आला तेव्हा त्यांनी टोपलीत बघून म्हटलं, "अरे वा, आज हलकं काम." पण पिल्लाला हातात घेतलं आणि त्यांचं हसू गेलं. मान वर करून बघितली, सोडली, ती परत खाली पडली. डोळ्यांवर उजेड टाकला. टेबलावर उभं केलं, ते कोसळलं.

"कधीपासून असं मान खाली?"

"दोन आठवडे," आत्या म्हणाली. "आम्हांला वाटलं," आणि थांबली. काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही.

"खातं काय?"

आत्या म्हणाली, "पेज. थोडं दूध. आमचा उपासकाळ चालू आहे, डॉक्टर. घरात मासळी येत नाही."

डॉक्टरांनी भुवया एकत्र आणल्या. "पेजेनं हाडं निघाली असती याची. हे तर चांगलं भरलेलं आहे. ताई, खरं काय ते सांगा. चुकीचं औषध दिलं तर हे संध्याकाळ बघणार नाही."

मी टेबलाची कड घट्ट धरली. आत्याकडे बघितलं असतं तर बोलू शकले नसते, म्हणून डॉक्टरांच्या मिशांकडे बघितलं आणि म्हटलं, "मी देते मासळी. रोज सकाळी. कच्ची." आणि भोकाड पसरलं.

आत्या माझ्याकडे वळणार इतक्यात आई खाली मान घालून म्हणाली, "दुपारी मीपण देते. त्या म्हावरंवालीकडनंच. मला वाटलं, लहान जीव आहे."

"तूसुद्धा?" आत्या म्हणाली.

पप्पांनी घसा खाकरला. "संध्याकाळी मी. स्टेशनाबाहेर मांदेली मिळते ना. डब्यात घालून आणतो."

आई एकदम वर बघून म्हणाली, "म्हणून तो डबा वास मारतो होय! मी तीन आठवडे चिंच लावून घासतेय!"

डॉक्टर एकेकाकडे बघत राहिले. "आणि तरीही हे पेज खात होतं?"

आता आमचे तिघांचेही डोळे आत्याकडे गेले. आत्या ताठ उभी होती, पदर गच्च धरून. मग अगदी वर्गात धडा म्हणावा तशा स्पष्ट आवाजात ती म्हणाली, "नाही. त्यानं एक दिवसही पेज खाल्ली नाही. मी ती कोंबड्यांना घालत होते आणि वाडगा धुऊन ठेवत होते."

कोण पहिलं हसलं ते मला आठवत नाही. बहुतेक पप्पा. मग आई, तोंडावर पदर घेऊन. डॉक्टर तर खुर्चीत बसले आणि मिशा पुसत म्हणाले, "म्हणजे या घरात लपवाछपवी न करणारं एकटं हे मांजरच!" आत्याचा चेहरा लाल झाला, आणि मला वाटलं आता सगळ्यांची हजेरी घेणार. पण ती हसली. माझी आत्या खदखदून हसते, हे मला वयाच्या दहाव्या वर्षी कळलं. हसता हसता ती रडायलाही लागली आणि म्हणाली, "आधी याला वाचवा हो."

डॉक्टरांनी सांगितलं ते साधं होतं. काही मासळीत असं असतं, की कच्ची रोज आणि नुसती तीच खाल्ली तर अंगातलं एक जीवनसत्त्व संपतं. मग मान धरत नाही, पाय धरत नाहीत, झटके येतात. ती मासळी शिजवली की तो दोष जातो. "शिजवून, भातात कालवून दिली असती तर काहीसुद्धा झालं नसतं," ते म्हणाले आणि इंजेक्शन भरू लागले. आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. शिजवायची सोडून बाकी सगळं केलं होतं आम्ही. सुई टोचली तेव्हा पिल्लानं बारीक आवाज काढला. दोन दिवसांत तो आवाज मी ऐकला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरांचा हातच धरला, सुईसकट.

घरी आल्यावर आत्यानं पप्पांना शिडी धरायला लावली आणि स्वतः माळ्यावर चढली. मासळीचा तवा आणि पातेलं घेऊन ती खाली उतरली तेव्हा चर्चमध्ये झावळ्या वाटतात तो झावळ्यांचा रविवार दुसऱ्याच दिवसावर होता. ईस्टरला अजून आठवडा. बाजार करून परतणाऱ्या म्हावरंवालीकडून तिनं स्वतः कोपऱ्यावर जाऊन बोईट आणलं. ती बाई म्हणे टोपलीमागं तोंड लपवून हसत होती. माझं आणि आईचं गुपित तिच्या एकटीकडे होतं आणि तिनं एकीचं दुसरीला सांगितलं नव्हतं. चुलीवर पातेलं चढलं आणि वास सुटला. सव्वा महिन्यानंतरचा तो वास! पप्पा दोनदा स्वयंपाकघरात पाणी प्यायला येऊन गेले. शेजारी कळू नये म्हणून ते खिडकी लावायला गेले, या वेळी न विचारता, तर आत्या म्हणाली, "राहू दे उघडी. आता लपवायचं काय राहिलंय?"

आम्ही चौघांनी वरण-भात खाल्ला. मांजरानं बोटावरून भरवलेला मासे-भात खाल्ला, आणि भरवलं आत्यानं.

रविवारी सकाळी मी डोळे चोळत ओट्यावर आले तर ते बसलेलं होतं. मान वर. ताठ. कावळ्याकडे बघत. मी ओरडले ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

त्या दिवशी मिस्सेनंतर वर्गात आत्या उभी राहिली. पोरांच्या हातांत आशीर्वाद घेतलेल्या झावळ्या होत्या आणि ती एकमेकांच्या कानांत खुपसत होती. आत्या म्हणाली, "मी तुम्हांला एक खोटं सांगितलं. आमच्या मांजरानं उपास केला नाही. आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला ते खरं असावंसं फार वाटत होतं, म्हणून मी तसं सांगत गेले. ते मान लववत होतं ते आजारानं, आणि मी दोन आठवडे ते कौतुकानं बघत बसले." एकही शब्द तिनं गिळला नाही. मला तिचा असा अभिमान आधी कधी वाटला नव्हता. एक पोरगं मागं सरकायचं विसरून म्हणालं, "मग टीचर, ते मेलं?"

"मरतंय कशाला! चला, बघायला चला."

चाळीस पोरं झावळ्या घेऊन आमच्या अंगणात शिरली. आमच्या आजाऱ्यानं एवढ्या हलणाऱ्या झावळ्या जन्मात बघितल्या नव्हत्या. पहिली उडी चुकली, मागचे पाय घसरले, ते लोळलं. दुसऱ्या उडीत एका पोराची झावळी पकडली आणि दातांत धरून फरफटत घेऊन निघालं. पोरांचा गलका असा झाला की शेजारचा म्हातारा काठी घेऊन धावत आला. आशीर्वादाची झावळी मांजर चावतंय म्हणून कुणीतरी ओरडलं, तर आत्या म्हणाली, "चावू दे!"

पोरं गेल्यावर आत्या चुलीशी बसली. पातेल्यात बोईट होतं, हातात हळदीचा डबा. तिनं झाकण उघडलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय गं, याच्या मासळीत हळद घातली तर चालेल का?"

आत्यानं मला काही विचारलं होतं! या बाईनं उभ्या जन्मात कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि विचारत होती ती मला, महिनाभर तिला फसवणाऱ्या पोरीला. काहीतरी ठोकून द्यावं असं क्षणभर वाटलंही. पण मी म्हटलं, "मला माहीत नाही, आत्या."

"मलाही नाही," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं. "मग आज नको. उद्या तू न् मी जाऊन डॉक्टरांना विचारून येऊ."